लेकराचं कौतुक कशाचं करावं?

 

निकालाचे दिवस आहेत. दहावी झाली, बारावी झाली, नीटही झाली. लातूरला उतरलं की उद्योग भवनाच्या भागात फलकच फलक. नांदेडला गेलं तरी तेच. एकेका फलकावर दाटीवाटीनं लेकरांचे फोटो, फोटोखाली मार्क. गावातही पेढे वाटले जातात, ग्रामपंचायतीपुढं शाल-नारळ होतो. पाठीवरून हात फिरवून जो तो एकच बोलतो, "लई हुशार हाय लेकरू." आणि त्याच दिवशी, चार घरं सोडून, कुणाला तरी पस्तीस-चाळीस टक्के पडलेले असतात. तिथंही एकच वाक्य असतं, "ह्याला डोकंच नाही."

आज आम्ही या दोन वाक्यांवर बोलणार आहोत. एक कौतुकाचं आणि एक नावं ठेवण्याचं, असं वरून दिसतं. आम्हाला मात्र ती दोन वाक्यं सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्हींच्या पोटात समजूत एकच आहे, की डोकं जन्मतःच ठरलेलं असतं. ज्याला मिळालं त्याला मिळालं, ज्याला नाही त्यानं शेळ्या राखाव्यात. लेकरू हे ऐकत असतं. आपण पेढा खाऊन विसरून जातो, पण त्याच्या मनात ते बसतं.

नावं ठेवल्यानं लेकराचं मन मोडतं हे कुणाला वेगळं सांगायला नको. पण कौतुकानंही नुकसान होऊ शकतं, हे कानाला चमत्कारिक लागतं ना? म्हणून आधी एक प्रयोग सांगतो. तो अमेरिकेतला आहे, पण त्यातली लेकरं आपल्या पाचवीच्या वर्गातल्यासारखीच, दहा-अकरा वर्षांची होती.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक नावाच्या दोघी बाया काम करत होत्या. त्यांचा हा अभ्यास १९९८ साली छापून आला. त्यांनी पाचवीच्या लेकरांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. रांगोळीच्या ठिपक्यांत एखादी जागा रिकामी ठेवावी आणि तिथं कोणती खूण बसेल ते ओळखायला सांगावं, काहीशी तशी. कोडी फार अवघड नव्हती. झाल्यावर प्रत्येकाला सांगितलं, की छान, तुझी बरीच बरोबर आली. पुढचं एक वाक्य मात्र वेगवेगळं होतं. काही लेकरांना म्हटलं, "तू हुशार असशील." काहींना म्हटलं, "तू मेहनत घेतली असशील." आणि काहींना नुसतं छान म्हणून सोडून दिलं. फरक एवढाच. एका वाक्याचा.

मग विचारलं, आता पुढं कसली कोडी देऊ? तुझी हुशारी दिसेल अशी, म्हणजे फार न चुकणारी देऊ, की अवघड पण ज्यातून नवीन शिकायला मिळेल अशी देऊ? ज्यांना हुशार म्हटलं होतं, त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ६७ लेकरांनी पहिली, सुरक्षित वाट धरली. ज्यांना मेहनतीचं म्हटलं होतं, त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ९२ जणांनी शिकायला मिळेल अशी कोडी मागितली.

त्यानंतर सगळ्यांनाच खूप अवघड कोडी दिली. कुणालाच नीट आली नाहीत, येऊ नयेत म्हणूनच ती तशी निवडली होती. आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली. आता बघा काय झालं. "हुशार" म्हटलेली लेकरं आधी जी कोडी सोडवत होती, तशीच कोडी आता त्यांना कमी सुटली. "मेहनत घेतलीस" म्हटलेल्यांना आधीपेक्षा जास्त सुटली.

सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट याच अभ्यासातली पुढची आहे. लेकरांना सांगितलं, की दुसऱ्या गावच्या शाळेतल्या मुलांसाठी या कोड्यांविषयी चार ओळी लिहा, आणि तुम्हाला किती आली तेही लिहा. नाव लिहायचं नव्हतं. कोण वाचणार हेही ठाऊक नव्हतं. तरी "हुशार" म्हटलेल्या शंभरातल्या ३८ लेकरांनी आपले मार्क वाढवून लिहिले. मेहनतीचं म्हटलेल्यांत असं करणारी शंभरात १३ निघाली.

ती लेकरं खोटारडी होती का? आम्हाला नाही वाटत. त्यांना एक पदवी मिळाली होती आणि ती सांभाळायची होती. हुशार असण्याचा मान मिळाला, की प्रत्येक चूक म्हणजे तो मान जाण्याची भीती. मग लेकरू अवघडाच्या वाटेला जात नाही. गेलंच आणि पडलं, तर मार्क लपवतं.

आता हे आपल्याकडं आणून बघा. गावच्या शाळेत पहिलीपासून पहिला नंबर असलेली एक पोर. सगळा गाव तिला हुशार म्हणून ओळखतो. दहावीला नव्वदच्या वर मार्क पडतात. बाप शेतावर कर्ज काढतो, आई गटातून उचल घेते, आणि पोर लातूरला किंवा नांदेडला अकरावीला जाते. खोली, मेस, क्लासची फी, सगळं होतं. त्या वर्गात बसलेलं प्रत्येक लेकरू आपापल्या गावात पहिलंच आलेलं असतं. पहिली चाचणी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला अर्ध्याहून कमी मार्क पडतात.

त्या रात्री तिच्या मनात काय येतं, ते आपण आजवर तिला काय म्हणत आलो यावर पुष्कळ अवलंबून आहे. "मी हुशार आहे म्हणून मला मार्क पडतात" असं जिला दहा वर्षं शिकवलं गेलं, तिला त्या रात्री एकच अर्थ लागतो, की मी हुशार नव्हतेच. मग घरी फोन येतो, "चांगलं चाललंय." पुढच्या चाचणीच्या दिवशी डोकं दुखतं, पोट दुखतं. काही लेकरं सामान घेऊन गावाकडं परत येतात. काही त्याहून वाईट करून घेतात, त्या बातम्या तुम्हीही ऐकल्या आहेत. प्रत्येक वेळी कौतुकच कारण असतं असं आम्ही म्हणत नाही. फी असते, एकटेपणा असतो, जागरणं असतात, घरच्या कर्जाचं ओझं असतं. पण "मला येत नाही" हे वाक्य घरी बोलायची सोय लेकराला असावी, आणि हुशारीच्या कौतुकानं नेमकी तीच सोय जाते.

इथं एक गंमत आहे, तिच्यावर जरा थांबू. ज्या लातूरच्या नावानं हे फलक लागतात, त्या लातूरचं नाव झालं ते हुशारीच्या समजुतीला खोटं पाडूनच. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मोठं शिक्षण उर्दूतून, शाळा थोड्या, कॉलेजं त्याहून थोडी. राज्यात आल्यावरही कितीतरी वर्षं मराठवाड्याला मागास म्हणूनच ओळखलं जायचं, आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईचीच नावं दिसायची. मग लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात शिक्षकांनी ठरवून काम सुरू केलं. ते महाविद्यालय १९७० सालचं. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. तेच पुढं, १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं तेव्हा, त्याचे पहिले कुलगुरू झाले.

त्यांनी केलं काय? जादू काही नव्हती. धडे लवकर संपवायचे आणि उजळणीला वेळ ठेवायचा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या. चाचणी घ्यायची, पेपर तपासून लेकराच्या हातात द्यायचा, मार्क कुठं गेले ते दाखवायचं, आणि पुन्हा चाचणी घ्यायची. लातूरची नावं गुणवत्ता यादीत झळकायला लागली आणि सगळीकडं लातूर पॅटर्न हा शब्द झाला. त्यावर टीकाही झाली, की ही घोकंपट्टी आहे, मार्कांचा कारखाना आहे. ती टीका सगळीच खोटी नाही. पण एक गोष्ट त्या शिक्षकांनी दाखवून दिली, ती कुणाला पुसता येणार नाही. मराठवाड्याच्या लेकरांचं डोकं एका वर्षात बदललं नव्हतं. बदलली होती ती अभ्यासाची रीत.

नंतर काय झालं? चुकलेली उत्तरपत्रिका दाखवून शिकवणं मागं राहिलं आणि फोटोचा फलक पुढं आला. बोर्डानं गुणवत्ता यादी बंद केली, तर यादी चौकात लागली. फलकावर मार्क असतात. त्या लेकरानं चुकीचं गणित किती वेळा परत केलं, हे फलकावर नसतं. रस्त्यानं जाणाऱ्या दुसऱ्या लेकराला फलक पाहून वाटतं, ही वेगळीच माणसं असतात, आपण त्यांतले नाही.

आता चुलीपाशी या. घरातली पोर पहिल्यांदा भाकरी थापायला बसते. पहिली परातीतच फाटते, दुसरीचा नकाशा होतो, तिसरी तव्यावर टाकताना दुमडते. तिची आई किंवा आजी काय म्हणते? "पीठ अजून मळ. काठाला हात लाव, मधीच थापू नको. तवा तापला नाही अजून." भाकरी फुगली की म्हणते, "आता कसं, नीट मळलंस तर फुगली." तिला काय चुकलं ते कळतं, आणि पुढच्या भाकरीला काय करायचं तेही कळतं. "तुला भाकरीचं डोकंच नाही, तू या नादाला लागू नको" असं कुणी म्हणत नाही. कारण भाकरी करून करून येते हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. (पोराला कुणी चुलीपाशी बसवत नाही, हा विषय वेगळा. त्यावर एकदा बोलूच.)

मैत्रिणींनो, शिकवण्याची ही रीत आपल्या हातात आधीपासून आहे. ती फक्त चुलीपाशीच राहिली आहे. गणिताची वही समोर आली, की आपलंच माणूस "डोकं" म्हणून मोकळं होतं.

भाकरीची अजून एक खूण इथं कामाची आहे. कधी हात चांगला असतो, पण पीठच जुनं असतं, त्याची विरी गेलेली असते. मग कितीही थापा, काठ फाटतातच. जाणती बाई थापणारीला नावं ठेवत नाही. ती पाणी उकळून घेते, गरम पाण्यात पीठ मळायला लावते. शाळेतल्या लेकरांचंही असंच असतं. कंधार, लोहा, मुखेडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. लेकरू फडावर असतं, उन्हाळ्यात परत येतं, आणि वर्ग भागाकारावर पोचलेला असतो. ते गप्प बसतं. मग कुणीतरी म्हणतं, ह्याचं डोकं चालत नाही. डोकं चालायला त्याला वजाबाकीच कुणी पुरती शिकवलेली नसते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस घरी राहणाऱ्या लेकरांचंही तेच. त्या लेकराला "मेहनत कर, मेहनत कर" म्हणूनही भागत नाही. त्याला बुडालेला भाग कुणीतरी समोर बसवून शिकवावा लागतो.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. कारण या अभ्यासाची बातमी पसरली, तेव्हा पुष्कळ शिक्षकांनी आणि आईबापांनी एवढंच उचललं, की हुशार म्हणू नये, मेहनती म्हणावं. लेकराला येत नसलं तरी "शाब्बास, प्रयत्न केलास" म्हणायचं आणि पुढं जायचं. कॅरल ड्वेक यांनीच पुढं सांगितलं, की माझं म्हणणं असं नव्हतं. प्रयत्न करूनही येत नसेल तर दुसरी रीत शोधायची, मदत मागायची, हे शिकवणं त्यात आलंच पाहिजे. उगाचची शाबासकी लेकराला लगेच कळते. सोप्या गणिताला "वा वा" म्हटलं, की ते मनात म्हणतं, माझ्याकडून यांना एवढीच आशा आहे.

फार वाढवून केलेल्या कौतुकाचंही असंच आहे. नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी २०१४ साली दाखवलं, की ज्या लेकरांना आधीच स्वतःविषयी कमी वाटतं, त्यांनाच मोठी माणसं जास्त फुगवून शाबासकी देतात, आणि तीच लेकरं त्यानंतर अवघड कामापासून मागं सरतात. आपण तर प्रेमानंच करतो. पण "असं चित्र जगात कुणी काढलं नसेल" म्हटलं, की पुढचं चित्र काढायची भीती वाटते.

आता पोरींविषयी बोलू. आम्हाला या सगळ्यात सगळ्यात जास्त खुपलं ते हेच.

शिकागोच्या भागातल्या ५३ कुटुंबांत अभ्यासकांनी घरी जाऊन आईबाप लहान लेकरांशी कसं बोलतात ते टिपलं. लेकरं एक ते तीन वर्षांची होती. पुढं पाच वर्षांनी त्याच लेकरांना भेटून विचारलं, की अवघड काम आवडतं का, माणूस शिकून हुशार होतो का. हा अभ्यास २०१३ साली आला. ज्यांच्या घरी "कसं छान लावलंस", "नेटानं केलंस" असं कामाचं कौतुक जास्त व्हायचं, त्या लेकरांना अवघडाची भीती कमी होती. पण मुलांना मिळालेल्या शंभर शाबासक्यांतल्या सुमारे २४ अशा कामाच्या होत्या, आणि मुलींना मिळालेल्या शंभरातल्या फक्त १०. आईबाप पोरींचं कौतुक कमी करत नव्हते. शाबासक्या सारख्याच होत्या. त्यांच्या कामाचं नाव घ्यायचं मात्र राहून जायचं.

आणि हे अमेरिकेतलं आहे. आपल्याकडं पोरीचं कौतुक कसं होतं ते तुम्हीच आठवा. "पोरगी गुणाची हाय." "गरीब गाय हाय बिचारी." "काही मागत नाही, काही बोलत नाही." पोर गप्प बसली, भाऊ जेवल्यावर जेवली, की तिचं कौतुक. तिनं वर्गात हात वर करून बाईंना प्रश्न विचारला, तर त्याला शहाणपणा म्हणतात, आणि तो शब्द कौतुकाचा नसतो. २०१७ साली अमेरिकेतच आणखी एक अभ्यास झाला. पाच वर्षांच्या मुली म्हणत होत्या, की आमच्यातही खूप हुशार माणसं असतात. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये असं म्हणणाऱ्या कमी झाल्या होत्या. "हा खेळ खूप खूप हुशार मुलांचा आहे" म्हटलं, की त्या त्या खेळाकडं जायला कचरत होत्या. सहा वर्षं म्हणजे आपल्याकडची पहिली. म्हणजे दप्तर घेतलं न घेतलं तोवर पोरीनं ऐकून ठेवलेलं असतं, की हुशारी आपली नाही. आपल्या वाट्याला गुणाची असणं आलंय.

मग म्हणायचं तरी काय? हा प्रश्न बायका विचारतातच. कौतुक बंद करायचं नाही, ते आम्ही सांगतच नाही. लेकराला कौतुक लागतं, नाहीतर ते कोमेजतं. फक्त त्यानं जे केलं त्याचं नाव घ्या. "तू हुशार" ऐवजी "हे गणित तू दोन रीतीनं करून पाहिलंस." "अक्षर छान" ऐवजी "आज ओळ सरळ गेली, काल उतरत होती." नापास झालेल्याला "डोकं नाही" ऐवजी "कोणता प्रश्न सोडलास? तो काय होता?" आणि एक छोटा शब्द आहे, "अजून". "मला भागाकार येत नाही" असं लेकरू म्हणालं, तर "अजून येत नाही" एवढंच म्हणा. आणि मग कुणाकडून शिकता येईल ते बघा. दुसरी गोष्ट केल्याशिवाय पहिलीला अर्थ नाही.

पोरीला तर कौतुकाबरोबर तास द्या. संध्याकाळी सहा ते सात तिला पाणी भरायला, लेकरू सांभाळायला, भांड्याला बोलवायचं नाही. "तुझा अभ्यास महत्त्वाचा आहे" हे वाक्य शंभर वेळा बोलण्यापेक्षा त्या एका तासात तिला हाक न मारणं तिला जास्त कळतं.

शाळेतही आपला हात पोचतो. २००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला, तेव्हापासून शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश माणसं पालकांतली असायला हवीत आणि एकूण निम्म्या बाया. म्हणजे गटातली एखादी तरी तिथं आहेच. प्रगतिपत्रकावर मार्कांच्या, श्रेणीच्या खाली शिक्षक चार शब्द लिहितात, त्यांना वर्णनात्मक नोंदी म्हणतात. ते शब्द वाचा, वाचता येत नसेल तर लेकराकडून वाचून घ्या. "अभ्यासात हुशार", "सर्वसाधारण", "प्रगती समाधानकारक" एवढंच लिहिलं असेल, तर सभेत नम्रपणे विचारा, "सर, तिला नेमकं काय येतंय आणि काय अडतंय, ते लिहाल का?" चांगले शिक्षक रागावत नाहीत. उलट एखादीनं विचारलं म्हणून त्यांना बरं वाटतं. पहिलीच्या लेकरांसाठी २०२२ सालापासून शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांबरोबर माता पालक गट सुरू झाले. तुमच्या गावात असा गट असेल, तर त्याच्या पुढच्या बैठकीत हाच विषय घ्या.

आणि गावचा सत्कार. पंधरा ऑगस्टला पहिल्या तीन नंबरांना शाल देतात, द्यावी. त्यांच्याबरोबर ऊसतोडीहून उशिरा परत येऊनही वाचायला शिकलेल्या लेकराला उभं करा. गेल्या वर्षी नापास झालेली आणि यंदा पास झालेली पोर पुढं बोलवा. आणि माईक हातात दिल्यावर त्यांना एवढंच विचारा, की तू हे कसं केलंस? पहिल्या नंबराच्या लेकरालाही तेच विचारा. बाकीची लेकरं मग मार्कांऐवजी रीत घेऊन घरी जातील.

एवढं सगळं सांगून, एक गोष्ट न लपवता सांगायला हवी. बोलणं बदललं म्हणजे लेकरू डॉक्टर होतं, असं कुणी सांगत असेल, किंवा त्याचा क्लास काढून फी मागत असेल, तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांमध्ये "मेंदू सरावानं घडतो" हे शिकवणारे तासाभराच्या आतले धडे देऊन पाहिले. २०१९ साली त्याचा निकाल छापून आला. मागं पडलेल्या मुलांचे मार्क वाढले, पण थोडेच. आणि जिथं वर्गातली बाकीची मुलंही अवघडाला हात घालत होती, तिथं फायदा जास्त झाला. म्हणजे एकट्या आईनं बोलून पुरत नाही. शाळेत शिक्षक लागतो, पोरीसाठी नीट शौचालय लागतं, पोटाला अन्न लागतं. आपण ती मागणीही सोडायची नाही. पण बोलायला पैसा लागत नाही आणि कुणाची मंजुरी लागत नाही, म्हणून आम्ही आज बोलण्यापासून सुरुवात केली.

गटांत बसून या विषयावर बोललो, तेव्हा बायांनी दोन प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं देतो आणि थांबतो.

एक प्रश्न असा होता, की आम्ही "हुशार" शब्द तोंडातून काढायचाच नाही का? काढा की. आजीनं नातवाला हुशार म्हटलं म्हणून काही बिघडत नाही. तेवढ्यावरच थांबू नका, काय केलं म्हणून म्हटलं तेही सांगा. आणि एकाच घरात एकाला हुशार आणि दुसऱ्याला ढ, अशी वाटणी करू नका. भावाला एक आणि बहिणीला दुसरं, असं तर मुळीच नाही.

दुसरा प्रश्न एका म्हाताऱ्या मायचा होता. तिला सही करता येते, वाचता येत नाही. ती म्हणाली, वहीत काय लिहिलंय तेच मला कळत नाही, मी कशाचं कौतुक करू? तर मावशी, वही हातात घ्या, नातीला जवळ बसवा आणि म्हणा, "आज काय शिकलीस ते मला शिकव." ती सांगेल. सांगता सांगता कुठं अडेल, ते तुम्हाला अक्षर न वाचता कळेल, कारण अडलेलं माणूस ओळखायला अक्षर लागत नाही. तिथं म्हणा, "हे उद्या बाईंना विचारून ये, आणि मला परत सांग." दुसऱ्या दिवशी न विसरता विचारा.